प्लाय आरपार कापलाच जाईना!

मंडळी, सकाळपासून बूड टेकलेलं नाही. हे पण उभ्याउभ्याच टाइप करतेय.

आमच्या रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये तैवानहून आणलेलं सीएनसी राउटर आहे. कॉम्प्युटरवर डिझाइन दिलं की ते प्लाय कापून देतं. उद्या ऐरोलीला एका फ्लॅटमध्ये किचन बसवायचंय, आणि आज एकही शटर, म्हणजे कपाटाचं दार, आरपार कापलं जाईना! प्रत्येकाच्या तळाशी पापडासारखा पातळ थर राहतोच.

कटर बदलला. त्याची उंची परत मोजून घेतली. तरी तेच. मी नुसत्या येरझाऱ्या घालतेय, डोकं बंद.

शेवटी तैवानच्या इंजिनिअरला व्हिडिओ कॉल लावला. मशीनवर एक छोटं बटण असतं, त्याला कटर टेकवून मशीन उंची मोजतं. तो म्हणाला, "कॅमेरा जवळ न्या. ते लाल काय आहे?"

काल दसरा होता. सासूबाई मशीनची पूजा करून गेल्या होत्या. नेमकं त्या बटणावर कुंकू, आणि कुंकवात घट्ट चिकटलेला अक्षतेचा एक दाणा! मशीन दाण्यासकट उंची मोजत होतं, म्हणून कटर दाण्याएवढा वरच थांबत होता.

"राइस," मी म्हटलं. त्याने स्पेलिंग विचारलं.

दाणा काढला, बटण पुसलं, शटर खटाखट कापली जायला लागली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"मशीन चाललंय ना गं नीट?"

"हो आई, एकदम मस्त."

"बघ! पूजा केली म्हणून. आता दर शुक्रवारी येत जाईन."

तेव्हापासून मशीनभोवती गोल गोल फिरतेय. कुंकू लावायला एखादी बिनधोक जागा सांगा ना कुणीतरी. परवा शुक्रवार आहे!