नणंदांना विकलेल्या घरघंट्या

नरडाण्याच्या स्टेशनावर भुसावळकडची पॅसेंजर लागली तेव्हा माझ्या हातात स्टोव्ह होता, यांच्या डोक्यावर वळकटी आणि आमच्या लेकाच्या काखेत दप्तर. सासरे, म्हणजे आमचे आबा, बाजरीची गोणी स्वतःच्या खांद्यावर घेऊन डब्यात चढले. ती सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मी रडत नव्हते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. जळगावात नळ थेट मोरीत येतो असं मी ऐकलं होतं. तो आनंद आबांना दिसू नये म्हणून पदर इतका पुढे ओढला होता की समोरच्या बाईला वाटलं, पोर फार हळवी दिसते. तिने मला मूठभर शेंगदाणे दिले. मी ते गाडी सुटायच्या आत खाऊन टाकले.

गाडी हलली तशी आबा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "सूनबाई, तू तठे धंदा करशी, बरं शे. पन आपला गावनी लेकपाइन नफा लेवानं नही. ध्यानमां ठेव."

गावच्या लेकीकडून नफा घ्यायचा नाही. मी मान डोलावली. तेव्हा मान डोलवायला मला काहीच लागत नसे.

आता पुतण्याने गावाच्या ग्रुपवर लिहिलं आहे की जे जे गाव सोडून गेले त्यांनी आठवणी लिहून पाठवा. सुरतवाल्यांनी लिहिल्या, पुण्यातल्या पोरांनी लिहिल्या, दुबईतल्या एकाने तर तीनदा लिहिल्या. सगळे स्टेशनावर ढसाढसा रडले म्हणे. म्हटलं, शेंगदाणे खाणारीनेही लिहावं. जे गावात राहिले त्यांनाही कळू दे की इकडे आम्ही काय दिवे लावले.

यांना जळगावात चटईच्या कारखान्यात काम लागलं होतं. माझं काम मीच शोधलं होतं. कांतीशेठचं विजेच्या वस्तूंचं दुकान होतं आणि त्यांना घरोघर जाऊन घरघंटी विकायला बायका हव्या होत्या. घरघंटी म्हणजे छोट्या कपाटाएवढी विजेची चक्की, घरच्या घरी पीठ दळणारी. पगार नाही. विकशील त्यावर कमिशन. सुरुवातीला हातात काही नसणार म्हणून शेठजींनी खोलीचं डिपॉझिट आणि काही महिन्यांचं भाडं उचल म्हणून दिलं. ही उचल माझ्या कमिशनमधून वळती व्हायची होती, आणि वर्षाच्या आत काम सोडलं तर राहिलेली सगळी रक्कम परत. कागद मी नीट वाचला होता. वर्षाची अट वाचून मला हसूच आलं. मी तर दहा वर्षांत शेठजींचं दुकानच विकत घेणार होते.

तेव्हाच्या त्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडेच, आज बघितलं की वाटतं, हिला कुणीतरी वेळीच खाली बसवून पाणी द्यायला हवं होतं.

अडचण अशी की मला नातं काढल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. दार उघडलं की बाकीच्या बायका म्हणायच्या, "ताई, एक मिनिट डेमो बघा." मी विचारायची, "ताई, माहेर कुठलं तुमचं?" त्यांचं दार बंद व्हायचं, माझं उघडं राहायचं. शिंदखेडा तालुक्यातून जळगावात दिलेल्या लेकी इतक्या, की गल्ली बदलली तरी कुणी ना कुणी निघायचीच. कुणी आमच्या गावची, कुणी शेजारच्या गावची, कुणी आमच्या गावच्या लेकीची लेक. मी गावची सून, म्हणजे या सगळ्या माझ्या नणंदा, नाहीतर भाच्या. नातं निघालं की चहा निघायचा. मी चक्कीत ज्वारी ओतायची आणि नेमकी वीज जायची. तेव्हा भारनियमन होतं. मग वीज येईपर्यंत आम्ही अख्ख्या गावाची लग्नं जुळवून मोडून परत जुळवायचो.

पहिली घरघंटी रंजनाने घेतली. रंजना म्हणजे गावात आमच्या भिंतीला भिंत असलेल्या आप्पांची मुलगी. दार उघडून मला बघितल्यावर तिने हातच धरला. "वहिनी! तू आठे कशी वं? ये, मझार ये!" यंत्र बघून झालं, भाव ऐकून झाला आणि ती लाडात येऊन म्हणाली, "वहिनी, माहेरनं मानूस तू. मनापाइन बी एवढाच लेशी का?"

आबांचं बोलणं माझ्या कानात होतंच. मी माझं कमिशन तिथल्या तिथे भावातून कमी केलं. एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण लेकीच्या घरी नवी वस्तू येते, तिला नुसतं कसं सोडायचं? दुसऱ्या दिवशी खण आणि नारळ नेऊन तिची ओटी भरली. तेही पदरच्या पैशाने.

रंजनाने हे चार जणींना सांगितलं. मग काय, नणंदा रांगेत उभ्या. प्रत्येकीला वहिनीची घरघंटी हवी, वहिनीचा भाव हवा आणि ओटी तर हवीच. शेठजींच्या दुकानात फळ्यावर विक्रेत्यांची नावं लिहीत, त्यात माझं सगळ्यात वर. शेठजींनी सगळ्यांसमोर मला पेढा दिला. फळ्यावर मी पहिली, आणि घरी पिठाच्या डब्याचा तळ दिसत होता. सगळ्या जळगावाला चक्क्या पुरवणारीच्या घरी दळायला दाणा नव्हता. आबांनी दिलेली गोणी केव्हाच संपली होती, आणि गावाकडे मागायला तोंड नव्हतं, कारण दर पत्रात मी फळ्याबद्दल लिहीत होते.

एका संध्याकाळी हे कामावरून आले, डबा उघडून बघितला आणि म्हणाले, "इतक्या घरघंट्या विकते, मग कमिशन जातं कुठे?"

मी सांगितलं. हे ऐकत राहिले. चिडायला निघाले होते, पण चिडता येईना. नियम त्यांच्याच बापाचा. शेवटी एवढंच म्हणाले, "विकणं थांबव बाई. अजून दोन विकल्यास तर आपल्याला गाव गाठावं लागेल."

म्हणून वर्ष व्हायच्या आत मी काम सोडायला गेले. शेठजींना वाटलं मला दुसऱ्या दुकानाने फोडलं. "फळ्यावर एक नंबर तुम्ही. सोडता कशाला?" मी खरं कारण सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. गादीवर जरा मागे सरकून बसले.

"बाई, आमच्यातही लेकीचं काही घेत नाहीत," ते म्हणाले. "म्हणून तर आजोबा राजस्थान सोडून एवढ्या लांब आले. जिथे कुणी आपली लेक नाही तिथे दुकान टाकलं. तुम्ही उलटं केलं. आधी लेकी शोधल्या आणि मग त्यांना माल विकला."

मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. ते बघून शेठजींनी चहा मागवला आणि चहा पिऊन झाल्यावर कागद पुढे केला. "उचल मात्र परत लागेल. व्याज घेणार नाही. दर महिन्याला जमेल तसं आणा, पण आणा."

कमिशन काही उरतच नव्हतं, त्यामुळे उचल जशीच्या तशी उभी होती. यांच्या पगारात खोलीचं भाडं, लेकाची शाळा आणि पोट एवढंच कसंबसं बसे.

ही गोष्ट गावात पोचली. आबा पुढच्याच आठवड्यात जळगावला आले. खोलीत शिरले, बसले नाहीत. उपरण्याच्या टोकाला बांधलेले पैसे सोडून माझ्यापुढे ठेवले. कालवड विकली होती. म्हणाले, "हाई लय. शेठनं देई टाक, आनि चला घर."

यांनी माझ्याकडे बघितलं. लेकाने वहीतून मान वर केली नाही, पण त्याची पेन्सिल थांबली. तो नुकता नव्या शाळेत रुळला होता. गणिताच्या मास्तरांनी त्याला पुढच्या बाकावर बसवलं होतं. ते पैसे उचलले असते तर संध्याकाळच्या गाडीने आम्ही नरडाण्याला उतरलो असतो आणि पुन्हा कधी निघालो नसतो. हे मला स्पष्ट दिसत होतं. आबांनाही दिसत होतं. ते त्यासाठीच आले होते.

मी पैसे परत त्यांच्या उपरण्यात बांधले. म्हटलं, "आबा, तुमचा शब्द पाळला म्हणून हे झालं. आता फेडूही मलाच द्या."

आबांना पाणी दिलं, घेतलं नाही. तसेच वळले आणि जिना उतरले. त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. त्यानंतर कित्येक महिने त्यांचा निरोप नाही, पत्र नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला कशाचं भय वाटलं असेल तर त्या न प्यायलेल्या पाण्याचं.

मी डाळ मिलमध्ये रोजंदारीवर जाऊ लागले. तुरीची डाळ निवडायची. नाकातोंडात धूळ, केसांत धूळ, भाकरीतही तुरीचाच वास. शेजारच्या बायका पहिल्याच दिवशी विचारू लागल्या, "अक्का, माहेर कुठलं?" मी म्हटलं, "ते सोडून काहीही विचारा."

मजुरीतून थोडंफार शेठजींकडे जाऊ लागलं, पण इतकं थोडं की माझ्या म्हातारपणापर्यंत फिटलं नसतं. आणि मग एका दुपारी रंजना तिच्या वडिलांना, आप्पांना, घेऊन आली. आप्पा लेकीला भेटायला आले होते. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्या पिढीची रीत. दर खेपेला ते बसस्टँडवर पाणी पिऊन, लेकीचं तोंड बघून उपाशी परत जायचे. रंजना दारातच म्हणाली, "वहिनी, आप्पाले तुन्हा घर जेवाले वाढ वं. तू त गावनी सून शे."

मी बाजरीची भाकरी टाकली, शेंगदाण्याची चटणी वाटली. घरात तेवढंच होतं. आप्पा पोटभर जेवले. समोर बसून रंजना डोळे पुसत होती, कारण लग्न झाल्यापासून बापाला जेवताना तिने बघितलं नव्हतं. पुढच्या खेपेला आप्पा आले ते खांद्यावर दादर ज्वारीची गोणी घेऊन. हात हलवत जेवायला येणारी ती माणसं नव्हती. मग दुसरीचे वडील आले, तिसरीचे काका आले. कुणी बाजरी, कुणी उडीद, कुणी तूर. जितक्या नणंदांना मी घरघंट्या विकल्या होत्या तितके बाप माझ्या खोलीत जेवून जाऊ लागले. सुटीच्या दिवशी तर खोलीत पंगतच. घरघंटी नव्हती माझ्याकडे, तर रंजना दळून द्यायची. तिच्या दळणाचे पैसे द्यायला गेले तर म्हणाली, "वहिनीपाइन नफा?"

त्या वर्षात आम्ही दाणा विकत आणला नाही. मजुरीचा जवळजवळ सगळा पैसा शेठजींकडे गेला आणि उचल फिटली. शेठजींनी कागद फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "या परत कामाला. आता तर तुमची ओळख केवढी वाढली."

"म्हणूनच नको," मी म्हटलं. तेव्हा मात्र ते मोठ्याने हसले.

त्या खोलीतून पुढे दोन खोल्या झाल्या, मग फ्लॅट. धाकटी मुलगी जळगावातच झाली, आता नाशिकला आहे. मी तिच्याकडे महिना महिना राहते. पाणी तर पितेच, वर भाजीत मीठ कमी आहे हेही सांगते. नातीला ही रीत सांगितली तर ती म्हणाली, "आजी, किती वेडेपणा!" वेडेपणाच होता. लेकीच्या दारातून बाप उपाशी परत जायचे, तो रिवाज सुटला ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर माझी पंगतही सुटली. आता गावाकडचं कुणी जळगावला आलं तर लेकीकडेच उतरतं, फोन करून म्हणतं, वहिनी, या वेळी भेट नाही झाली. मी म्हणते, असू दे. आणि फोन ठेवल्यावर जास्तीचं काढलेलं पीठ परत डब्यात टाकते.

आबांचं एक लिहायचं राहिलं. इतके बाप जेवून गावी परतत होते, ते पारावर बोलणारच. आबांच्या कानावर रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून जळगावची भाकरी जात होती. शेवटचा हप्ता भरल्यानंतर काही दिवसांनी ते आले. पण सरळ आमच्याकडे नाही. आधी रंजनाच्या दारात जाऊन बसले, बहुधा धीर होत नव्हता. रंजनाने विचारलं, "आबा, च्या ठेवू का?" उत्तर तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. तेवढ्यात मी मिलमधून परतताना गल्लीच्या वळणावर आले होते आणि त्यांनी मला बघितलं नव्हतं.

"नही माय," आबा गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले. "मी घर जाईसन पिसू."

आणि ते आमच्या खोलीकडे चालू लागले. मी धुळीने माखलेल्या केसांनी त्यांच्या मागे मागे, जरा अंतर ठेवून चालले. चहा टाकायला पुढे धावायला हवं होतं, पण मला ते घरी जाताना बघायचे होते.