माळावरचे अकरा तांबडे दगड

आमच्या साडूभाऊंइतका डांबरी रस्त्याचा अनादर करणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही. हे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. जवळा बाजारला त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते मुलाच्या हाती दिल्यापासून साडूभाऊ आणि त्यांची बिनदारांची जुनी जीप बहुतेक दिवस शिरड शहापूरच्या वरच्या अंगाच्या माळावर असायची. या माळावर मुरूम, काळे दगड, कुसळी गवत आणि मधूनच एखादं हिवराचं झाड, याशिवाय काही नाही. विहीर नाही. उन्हाळा लागला की मेंढरंही खाली उतरतात. वारा मात्र बारा महिने थांबत नाही. तिथे आपला नवरा काय पाहतो, हे अक्कांना इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. विचारलं तर साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं असे, "सडकेवर काय बघायचं? ती आधीच कुनीतरी बघून ठेवलेली असती."

त्यांच्या जीपमध्ये बसणं म्हणजे मुख्यतः चालणं. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं, तो पायांनी चढून पाहायचा, खाली यायचं आणि मग जीप वर जायची. दगडगोटे लागले की ते चाकांतली निम्मी हवा सोडून देत, कारण टणक चाक दगडावर उडतं आणि मऊ चाक दगडाला धरून राहतं. परतीला डांबर दिसलं की सीटखालचा पायपंप निघे आणि तो मारण्याचा मान पाहुण्याला मिळे. एकदा त्यांचे व्याही कडक इस्त्रीचं धोतर नेसून माळ पाहायला आले. तीन चढ चालून झाल्यावर ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, "जीपमदी बसा म्हनून बोलावलं, आन् चालवून राहिले. काहून?"

"जीप सोडून गेली का तुमाला?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले. "येऊन राहिली ना संगं?"

माळाचा त्यांच्याजवळ नकाशा नव्हता, पण प्रत्येक जागेला नाव होतं आणि ते तिथे घडलेल्या प्रसंगावरून पडलेलं होतं. एका उताराला 'मावशीची किंकाळी' म्हणत. दोन उंचवट्यांमधल्या एका अरुंद नाळीचं नाव 'व्याह्याचं धोतर'. माझा चष्मा ज्या खड्ड्यात उडून फुटला, त्याला 'साडूचा चष्मा'. ही नावं ते गंभीरपणे वापरत. दुकानात कुणी वाट विचारली, तर सातबाऱ्यावरची गावं सांगावीत तशी ती एकामागून एक सांगत.

त्यांच्या हातून एकच चूक झाली. ट्रॉलीला मारून उरलेला तांबडा रंग त्यांनी एके दिवशी माळावर नेला आणि जिथे जिथे वळायचं, तिथल्या मोठ्या दगडाला फासला. असे अकरा दगड झाले. कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला पहिल्या दगडापुढे नारळ फुटलेला होता. तिसऱ्या दगडापाशी एका धनगराचं हरवलेलं कोकरू सापडल्याची बातमी पसरली आणि मग अकराही दगडांना हळदकुंकू लागलं. माळाच्या पलीकडच्या कडेला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या बायका आठवडी बाजाराला उतरताना प्रत्येक दगडाच्या पाया पडू लागल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीला साडूभाऊ 'याडी' म्हणत, तिच्या भाषेत आई. ते तिला समजावायला गेले.

"याडी, हा ट्रॉलीचा रंग हाय. हितं डावीकडं वळा, एवढंच म्हनतो हा दगड. देव न्हाई."

"वाट दावून राहिला ना?" म्हातारी म्हणाली. "मग बराबर हाय. चप्पल काढ तू बी."

तेव्हापासून साडूभाऊ प्रत्येक वळणावर जीप थांबवून, कुरकुरत, चप्पल काढत. खरी पंचाईत सातव्या दगडाची होती. तो त्यांनी चुकीच्या जागी रंगवला होता. वळण त्याच्या वीसेक पावलं अलीकडे हवं होतं. पण आता देव हलवता येईना, आणि त्याला टाळून आधीच वळलं तर दर्शन चुकवल्यासारखं होई. म्हणून दर वेळी दगडापर्यंत जायचं, चप्पल काढायची, जीप मागे घ्यायची आणि मग वळायचं. मागे घेताना ते स्वतःला जे बोलत, ते इथे लिहिता येणार नाही.

गेल्या वर्षी त्यांनी जीपची डावी बाजू एका हिवराला घासली. "झाड वाढलंय," म्हणाले. महिन्याभराने तेच झाड पुन्हा घासलं. मग अक्का त्यांना नांदेडला घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, दोन्ही बाजूंचं गेलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंबांनी जितकी टिकेल तितकी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर अक्कांनी जीपची चावी देव्हाऱ्यात ठेवली. साडूभाऊंनी वाद घातला नाही. ते दिवसभर ओट्यावर माळाकडे तोंड करून बसू लागले. मुलाला दुकानातून सवड नव्हती. मी संक्रांतीला गेलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, तुमी चालवा. मी नुसता बसतो. दिसून राहिलंय तवर एकदा."

अक्कांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

वर पोचल्यावर हवा सोडली. साडूभाऊ शेजारी बसून बोलत होते, "आता डावं चाक खाली जाईल. जाऊ द्या. ब्रेक नका मारू." चाक खाली गेलं. 'साडूचा चष्मा' आला तेव्हा त्यांनी माझ्या चष्म्याकडे बोट केलं आणि मी तो खिशात ठेवला. रंगवलेले दगड मात्र बाजूला असल्याने त्यांना दिसणार नव्हते. पहिलं वळण जवळ आलं आणि टण्ण, टण्ण असा आवाज ऐकू आला. दगडाशेजारच्या हिवराच्या फांदीला एक जुनी, बैलाच्या गळ्यातली घंटा बांधलेली होती आणि वाऱ्याने वाजत होती.

"कुनी बांधली?" त्यांनी विचारलं.

याडी थोड्या अंतरावर शेळ्या राखत होती. ती उठून आली. "आमीच," म्हणाली. "तुला बाजूचं दिसत न्हाई म्हनून बाजारात बोलून राहिले. आमचे म्हातारे लोक बैलावर मीठ लादून ह्याच माळावरनं जायचे, त्या बैलाच्या घंटा. घरात पडून होत्या. आता चाललास तर कानानं चाल."

साडूभाऊ उतरले. चप्पल काढली. या वेळी कुरकुरले नाहीत. हात पुढे करून घंटा चाचपली, ती थांबवली आणि पुन्हा सोडली.

पुढचे पाच दगड त्यांनी घंटेवरून ओळखले. सातव्याकडे जाताना घंटा वाजली आणि ते म्हणाले, "वळा." मी म्हटलं, दगड अजून पुढे आहे, मला कडेला दिसतोय. त्यांनी थांबायला सांगितलं आणि कान दिला. घंटा दगडापाशी नव्हती. वीसेक पावलं अलीकडे, एका खुंटावर होती. बरोबर त्या जागी, जिथे वळायला हवं होतं. पुढे मुरुमावर दगडापर्यंत जाऊन मागे घेतलेल्या चाकांच्या चाकोऱ्या इतक्या वर्षांच्या होत्या, की तांड्यातल्या कुणालाही वाचता आल्या असत्या. तांड्याने देव हलवला नव्हता. चूक तेवढी दुरुस्त केली होती.

साडूभाऊंनी बसल्या जागीच दगडाच्या दिशेने हात जोडले. "वळा," ते पुन्हा म्हणाले.

मी वळलो. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. उरलेल्या चारही घंटा त्यांना माझ्या आधी ऐकू आल्या.