व्हरांड्यात विचारलेले प्रश्न

शाळकरी मुलांची तपासणी करणाऱ्या पथकात मी नर्स आहे. राहते भोरला, काम वेल्हे तालुक्यातल्या शाळांमध्ये. एका वर्षी वजन-उंचीच्या तक्त्याबरोबर नवी प्रश्नावली आली. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, अशी मुलं शोधायची. आईला विचारायचं : मूल घोरतं का, झोपेत श्वास थांबतो का, अंथरूण ओलं करतं का, दिवसा पेंगतं का. ठरावीक आकड्याच्या वर ‘हो’ आले, तरच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

पासलीच्या शाळेत मी व्हरांड्यात सतरंजीवर बसले होते. भातकापणीचे दिवस, सगळ्या आयांना घाई. तिसरीतल्या एका मुलीची आई पुढे आली. मुलगी तिला टेकून उभी. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळं.

“घोरते का?”

“न्हाई.”

“झोपेत श्वास थांबतो?”

“न्हाई म्याडम, लई गाढ झोपती.”

अंथरुणाचं विचारलं, तेव्हा तिनं मागच्या बायकांकडे एकदा पाहिलं. “न्हाई, न्हाई.”

दारातून गुरुजी म्हणाले, “वर्गात सारखी पेंगते. आळशी आहे जरा.”

एवढा एकच ‘हो’. सारखं तोंडानं श्वास घेणारं मूल ओळखायला कागद लागत नाही, आणि मी तर समोर पाहत होते. तरी बेरीज केली, ती कमी भरली, आणि फॉर्म ‘ठीक’च्या गठ्ठ्यात ठेवला.

उन्हाळ्याच्या तोंडावर वेल्ह्याच्या बाजारात तेच गुरुजी भेटले. म्हणाले, ती मुलगी शाळेच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपली आणि खाली कोसळली. कपाळाला टाके पडले. दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं तिच्या घरी गेले. आई तांदूळ पाखडत होती. या वेळी कागद काढला नाही. विचारलं, “ताई, ती झोपली की तुम्ही काय करता?”

तिनं सूप खाली ठेवलं. “बसती तिच्यापाशी. दम अडकतो तिचा. म्या कुशीवर वळवती, मग सुरू व्हतो. पुन्यांदा अडकतो. दोन वर्सं झाली, धड झोप न्हाई मला.”

“मग त्या दिवशी ‘नाही’ का म्हणालात?”

“समद्या बाया मागं बसल्या व्हत्या. पोरीची जात, म्याडम. घोरती, हातरूण वलं करती, असं सरकारी कागदावर लिवलं, तर उद्या तिला कोण करून घील?”

शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात मीच विचारलं होतं.

आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मायलेकी पुण्याला गेल्या. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ सुजून वाट अडली होती. ऑपरेशन झालं. महिन्यानं मी गेले, तर मुलगी अंगणात पळत होती. आई मात्र म्हणाली, “आता मलाच झोप येत न्हाई. आवाज न्हाई आला की जीव घाबरतो. उठून नाकाजवळ हात धरती.” तिनं मला चहा केला. एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात परत येऊन मी त्या दिवसाचे फॉर्म काढले. मुलग्यांच्या आयांनी घोरण्याला बिनदिक्कत ‘हो’ म्हटलं होतं. मुलींच्या फॉर्मवर ओळीनं ‘नाही’. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, “माहिती वर गेली आता. फॉर्मात आहे ते आहे.”

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी त्या मुलींचं एकेक घर गाठते, मागच्या दारी बसून विचारते. काहींना पाठवता आलं. काही मुली खरंच ठणठणीत निघाल्या. गेल्या रविवारी डोंगराकडच्या एका वस्तीवर गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “कामाला गेली समदी, शहराकडं. कुठं ते ठावं न्हाई.” फॉर्मवरचा मोबाईल बंद लागला.

त्या घरातल्या मुलीच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ आहे, माझ्याच अक्षरात. तिचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला, पण आठवत नाही. मी लिहिताना मानच वर केली नसणार.