डावा हात

आजारानंतर माझ्या नवऱ्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला, तो म्हणजे 'सरी'. कानडीत त्याचा अर्थ बरं, ठीक आहे. जन्म निपाणीचा, घरात मराठी, शाळा कानडी, सगळी नोकरी बंगळूरला. मेंदूला झटका बसल्यावर कुठल्या भाषेतलं काय वाचेल हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि वाचला तो हा शब्द. रिक्षावाल्यांना, भाजीवाल्या अक्कांना, वॉचमनला वर्षानुवर्षं म्हटलेला. चहा हवा? सरी. नको? सरी. मी कोण आहे, ओळखलंत? सरी. मी सांगलीची. मला हो तरी ऐकायची सवय, नाहीतर नाही तरी. एकदा चिडून मी म्हटलं, "अहो, निदान भांडा तरी माझ्याशी." ते हसून म्हणाले, "सरी."

"त्यांना समजतं," बोलायला शिकवणारी थेरपिस्ट म्हणायची. "बरंचसं समजतं." त्या 'बरंचसं'ने माझी झोप उडवली होती. किती समजतं, कुठलं समजतं, हे तिला विचारलं की ती म्हणे, वेळ द्या.

वेळ तर नव्हता. आमची मुलगी पुण्यात असते. तिच्याच मजल्यावरचं एक घर भाड्यानं मिळत होतं. तुम्ही दोघं इकडे या, बंगळूरचं घर बंद करा, मला इथून काळजी करवत नाही, असं तिचं म्हणणं. घरमालकाला रविवारपर्यंत सांगायचं होतं. "आई, पण बाबांना विचारून ठरव हं," असंही वर म्हणाली. विचारून! मी सकाळी विचारलं, पुण्याला जायचं का? सरी. संध्याकाळी विचारलं, इथंच राहू या का? सरी. तोच आवाज, तेच हसू. मीच ठरवून टाकलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. या माणसानं मला कधी पडद्यांचा रंगसुद्धा एकटीला ठरवू दिला नव्हता. आता त्यांचं उरलेलं आयुष्य मी एकटीनं कसं ठरवू?

त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, सायकल चालवायला हरकत नाही. सपाट रस्ता हवा, गाड्या नकोत, सोबत कुणीतरी हवं. सपाट आणि गाड्या नकोत! बंगळूरमध्ये, बेळ्ळंदूरच्या तळ्याकडे, धडधाकट माणूससुद्धा जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतो.

आजारापूर्वी मात्र आम्ही दोघं तिथंच जायचो. रविवारी उजाडताना इंदिरानगरच्या घरून सायकलींवर निघायचं आणि तळ्याच्या काठानं जांभळ्या पाणकोंबड्या बघत फिरायचं. हे पुढे, मी मागे. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्यानं हातानं खुणा करायच्या असतात. खड्डा असेल तर त्या बाजूला बोट खाली. वेग कमी करायचा असेल तर तळहात जमिनीकडे करून खाली दाबायचा, हळू. यांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. पक्षी दिसला की हात कमरेमागे न्यायचा आणि मूठ उघडझाप करायची. घाईत मला खड्डा कुठला आणि पक्षी कुठला ते कळायचं नाही. कित्येकदा मी बगळा शोधत खड्ड्यात गेले आहे आणि त्यावरून भांडलेही आहे.

मग मी सायकली गाडीच्या मागे अडकवल्या आणि घाट उतरून समुद्राकाठच्या होन्नावरच्या अलीकडे खाडीकाठच्या एका गावात खोली घेतली. तिथला रस्ता पाट्यासारखा सपाट आहे, आणि पुढे एक लांब पट्टा तर कुणी पट्टी लावून आखल्यासारखा सरळ. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली खाजणं, म्हणजे खाडीकाठची भातखाचरं, त्यात घोट्याएवढं पाणी, आणि पाण्यात जिकडे बघावं तिकडे पक्षी. लाल काटक्यांवर उभे असावेत तसे शेकाटे, चिखलात चोच खुपसणारे तुतारी, तारेवर खंड्या. तासाभरात एखादी मोटारसायकल गेली तर गेली. मी मुलीला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "छान. ठरलं का?"

पहिल्या सकाळी मी यांना धरून सायकलवर बसवलं. उजवा हात अजून अशक्त, मूठ धरता येते एवढंच. पण पाय पॅडलवर गेले आणि शरीराला सगळं आठवलं. हे पुढे, मी मागे, पूर्वीसारखंच. पाठ ताठ, मान किंचित डावीकडे. मागून बघणाऱ्याला हा माणूस आजारी आहे हे कळलंसुद्धा नसतं. मला रडू आलं आणि रस्ता दिसेना.

आणि तेवढ्यात त्यांनी डावा हात सोडला. हँडल आता एकट्या उजव्या हातावर. डावं बोट खाली गेलं, खड्डा. मी डावीकडे बघितलं. रस्ता गुळगुळीत होता. थोड्या वेळानं पुन्हा बोट खाली, पुन्हा खड्डा नाही. कडेच्या पाण्यात मात्र शेकाट्यांचा थवा होता. म्हणजे पक्षी म्हणायचं होतं आणि हाताकडून खड्डा झाला? की हे बोट उगाचच जात होतं, त्या 'सरी'सारखं? आनंद मानावा की काय, मला काही कळेना. खोलीवर आल्यावर विचारलं, "मघाशी पक्षी दाखवलेत ना?" उत्तर सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी बोट खाली गेलंच नाही. हात कमरेमागे गेला आणि मूठ उघडझाप झाली. मी बघितलं, तर बांधावर पंख वाळवत पाणकावळा बसला होता. पुढे पुन्हा मूठ, आणि खारफुटीवर ब्राह्मणी घार. मी मोठ्यानं ओरडले, "दिसली हो!" त्यांनी मागे वळून बघितलं नाही, फक्त मूठ आणखी एकदा उघडली.

तेव्हा मला ते सुचलं. तोंडाला विचारून उपयोग नव्हता, हाताला विचारायला हवं होतं. शनिवार होता. सायकल जरा जवळ नेऊन मी मागूनच विचारलं, "अहो, पुण्याला जायचं का आपण?"

"सरी," वाऱ्यावरून आलं. आणि त्याच वेळी डावा हात सुटला, बाजूला आला, तळहात जमिनीकडे झाला आणि दोनदा खाली दाबला गेला.

नको म्हणाले! पण पुढच्या वळणावर बघते तर रस्त्याच्या मधोमध तीन म्हशी बसलेल्या. झाली का पंचाईत! हात मला उत्तर देत होता की म्हशींची वर्दी? आम्ही उतरलो, सायकली हातात धरून म्हशींना वळसा घातला. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ते म्हशींकडे बघून हसत होते. मला त्या म्हशींचा इतका राग आला की काय सांगू.

त्या रात्री मुलीचा फोन आला. "आई, उद्या शेवटचा दिवस आहे. बाबा काय म्हणतात?" मी म्हटलं, उद्या सांगते. मनातून मला वाटत होतं की मी वेड्यासारखं करते आहे. एका माणसाच्या आयुष्याचा निर्णय मी खड्ड्यांच्या खुणांवर सोपवला होता. त्यांना काय हवं आहे हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं, की मलाच नको असलेल्या पुण्याला त्यांच्या हातून नकार वदवून घ्यायचा होता, तेही कळत नव्हतं.

रविवारी आम्ही लवकर निघालो. ओहोटी होती. खाजणातलं पाणी उतरून चिखल चमकत होता आणि त्यावर खेकड्यांची धावपळ चालली होती. मी मुद्दाम गप्प राहिले. वळण गेलं, म्हशींची जागा गेली, शेवटची घरं गेली. मग तो लांब सरळ पट्टा आला. तिथं मी आधी डोळे ताणून पुढे बघून घेतलं. रस्ता पार खाडीच्या टोकापर्यंत रिकामा. ना गुरं, ना माणूस, ना खड्डा. रस्त्यावर पक्षीसुद्धा नव्हता.

"अहो," मी म्हटलं. सायकल जवळ नेऊन पुन्हा म्हटलं. "अहो, पुण्याला जायचं का?"

यावेळी 'सरी' आलं नाही. बराच वेळ नुसता चाकांचा आवाज. माझ्या मनात आलं, ऐकलंच नाही, किंवा कळलं नाही, किंवा मुळात कळण्यासारखं काही उरलंच नाही. मग डावा हात हँडलवरून सुटला. उजवा लटपटला, सायकल किंचित डुगडुगली. हात बाजूला आला. तळहात जमिनीकडे झाला आणि खाली दाबला गेला. एकदा. मग पुन्हा, आणखी सावकाश, लहान मुलाला थोपटावं तसा.

मी पुढे बघितलं. रस्ता मोकळाच होता.

खोलीवर पोचल्यावर मी मुलीला फोन केला. बाबा नाही म्हणाले का, असं तिनं विचारलं. "नाही म्हणाले नाहीत," मी सांगितलं. "हळू म्हणाले."

पलीकडच्या खुर्चीत हे बसले होते, डावा हात मांडीवर पालथा ठेवून. मी म्हटलं, त्या घरमालकाला सांग, आमच्यासाठी थांबू नका म्हणावं.

"सरी," हे म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.