गल्लीतले अक्रोड

पोलंडमधल्या एका छोट्या शहराच्या कडेला, जिथे ट्राम संपते त्या उपनगरात, माझ्या लेकीने, मेघनाने, घर घेतलं. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. गल्लीतली विटांची घरं खूप जुनी होती. प्रत्येक अंगणात एकेक अक्रोड होता आणि सगळे जणू एकाच वयाचे.

शेजारच्या म्हाताऱ्या हालिनाबाईंना त्याबद्दल विचारलं. त्या पोलिशमध्ये बोलत होत्या आणि मेघना मला ते मराठीत सांगत होती.

"ही घरं जर्मन लोकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना जावं लागलं आणि रशियाकडे गेलेली पूर्वेकडची आपली गावं सोडून आम्ही आलो. वडील कितीतरी वर्षं नुसते बटाटे आणि कोबी लावायचे. म्हणायचे, परत जायचंय, झाड कशाला? मग एकदा त्यांनी अक्रोड लावला. आई रडली, पण त्याच दिवशी तिने पेटीतलं सामान बाहेर काढलं. इथे सगळ्यांचं असंच झालं."

मला आमची धरणात गेलेली वाडी आठवली. नव्या वसाहतीत आंबा लावायला आजोबांनीही अशीच वर्षं घेतली होती. माणूस राहायला लगेच लागतो, पण हे आपलं गाव, असं म्हणायला त्याला वेळ लागतो. पोर परक्यांत पडली, ही माझी रुखरुख जरा कमी झाली.

दुसऱ्या दिवशी हालिनाबाईंनी कुंपणावरून अक्रोडाचं रोप दिलं. मेघनाने खड्डा खणला.

"फळ कधी धरेल गं?" मी विचारलं.

"आठ-दहा वर्षांनी," ती हात झटकत म्हणाली. "धरू दे सावकाश. मी आहेच की इथे."

झारीतलं उरलेलं पाणीही मी रोपाला घातलं.