कॅरम बोर्डवरच्या काचा

"फुटकी काच घरात ठेवू नये म्हणतात, आणि इथे बापलेक रोज फोडत बसायचे," आत्या शेजारच्या काकूंना म्हणाली. हळूच म्हणाली, पण आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत हळू बोलून काही उपयोग नसतो. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आई माझ्याशेजारी उभी होती. तिनेही ऐकलं. बाबांचं तेरावं आदल्या दिवशीच झालं होतं.

रविवारी मी ठाण्याला एका बाईंकडे स्टेन्ड ग्लास, म्हणजे रंगीत काचा जोडून चित्रं करायला, शिकायला जायचे. तिथे फारसं बोलावं लागत नाही, एवढंच कारण. घरी सराव करायला सपाट जागा नव्हती, म्हणून बाबांनी पलंगाखालचा कॅरम बोर्ड काढून दिला आणि स्वतःही समोर बसले. कटर पेनसारखा असतो, टोकाला बारीक चाक. काचेवर रेघ एकदाच ओढायची, मग दोन्ही बाजूंनी धरून हलकेच वाकवायचं. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवलं की काच भलतीकडेच तडकते.

"म्हणजे चुकलं तरी पुढेच जायचं," बाबा म्हणाले. "जमेल मला. आयुष्यभर नोकरी केलीय."

चाकाला त्यांनी आईच्या शिलाई मशीनचं तेल लावलं. तुकडे जोडायला लागणारं सोल्डरिंग त्यांना आधीपासून येत होतं, रेडिओ दुरुस्त करायचे ना. त्याला ते डाग देणं म्हणायचे.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी आहे. म्हणून आई पडदा ओढून, भर दिवसा ट्यूबलाइट लावून स्वयंपाक करते. त्या खिडकीत पिवळ्या कण्हेरीचं चित्र असलेली काच बसवायची, असं बाबांनी ठरवलं. उजेड येईल, समोरच्यांना आत दिसणार नाही.

सगळे तुकडे त्यांनीच कापले, मला हात लावू दिला नाही. पण प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पट्टी चिकटवायची असते, तिच्यासाठी केसभर जागा सोडायला ते विसरले. तुकडे जुळवून पाहिले तर अख्खं चित्र चौकटीपेक्षा बोटभर मोठं.

"खिडकीच लहान आहे," ते म्हणाले.

मग रोज दुपारी सुरीला धार लावायच्या दगडावर पाणी टाकून ते एकेक कड घासत बसायचे. ते गेले त्या दुपारी मी ऑफिसातून धावत आले तेव्हा शेजारची माणसं त्यांना आधीच हॉस्पिटलात घेऊन गेली होती. दगड अजून ओला होता. एका पाकळीची एकच बाजू घासून झाली होती.

चहा घेऊन मी बाहेर आले तर आत्या कपाटाखालचे श्रीखंडाचे डबे एका पिशवीत भरत होती. आत त्याच काचा, बाबांनी रंगांप्रमाणे लावलेल्या.

"वहिनी, हे कचऱ्याच्या गाडीवर देऊन टाकते. दादा गेला तो गेला, आता तरी घर नीट राहू दे."

आई माझ्यामागून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. तिने मागे वळून ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं. तिलाही आत्याचं खरं वाटतंय का, ते मला कळेना.

आत्याशी मी हो आणि नाही एवढंच बोलते. लहानपणी तिने 'अठ्ठावन्न म्हणजे किती' असं विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. "आमची इंग्लिश मीडियम," असं ती अजून सगळ्यांना हसून सांगते. ती असं म्हणाली की माझ्या वतीने बाबा उत्तर द्यायचे. या वेळीही मी क्षणभर त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं.

पिशवीत डबा आपटला आणि आतल्या काचा वाजल्या. मी ट्रे खाली ठेवला आणि पिशवी तिच्या हातातून घेतली.

"बाबांनी कापल्यात त्या, आत्या. एक पाकळी घासायची राहिलीय. ती मी घासणार आहे."