ओढ्यापलीकडची सहा घरं

स्टीलची पट्टी माझ्या डाव्या कानावर आडवी बसली. फूटभर लांब, जाड, माझ्याच टेबलावरची. सकाळी मीच पुसून ठेवली होती. आधी आवाज ऐकू आला, मग कान पेटला, मग मानेवरून शर्टात काहीतरी गरम ओघळत गेलं. समोर गोरा म्हातारा उभा होता. पंचाहत्तरीचा. तोंड लालबुंद, ओठांच्या कोपऱ्यात थुंकी. तो इंग्रजीत ओरडला, आणि तेवढं इंग्रजी मला कळतं.

"माझ्या गावात तुझी झोपडपट्टी घुसवतोस?"

बहारीनमध्ये, तुबलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तेव्हा बारा माणसं होती. कुणी हललं नाही. लेझर मशीन तेवढं चालू होतं, ते आपलं फोमबोर्ड कापत राहिलं.

मी मॉडेल करतो. बिल्डरांचे टॉवर, मॉल, व्हिला, सगळं टेबलावर मावेल एवढं करून काचेखाली ठेवतो. सातारा जिल्ह्यातून आलो तेव्हा मला फक्त सुतारकाम येत होतं, बाकीचं बहारीननं शिकवलं. अकरा वर्षं झाली. हात बसलाय. अंगठ्याच्या नखाएवढी खिडकी मी डोळे मिटून कापतो. हे फुशारकीनं सांगत नाही. पुढे जे झालं ते माझं काम कच्चं होतं म्हणून झालं नाही, एवढंच सांगायचंय.

म्हातारा तरुणपणी नोकरीसाठी इथे आला आणि इथलाच होऊन गेला. रिटायर झाल्यावर त्यानं इंग्लंडमधल्या आपल्या गावावर एक छोटं पुस्तक लिहिलं. लहानपणच्या आठवणी आणि गावाचा इतिहास. क्लबच्या हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन भरणार होतं आणि मधोमध त्याला गाव हवं होतं. त्याच्या लहानपणी होतं तसं, घर न् घर. मॅनेजरसाहेबांनी काम माझ्या गळ्यात घातलं.

तीन आठवडे तो रोज दुपारी येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसायचा. मी कापायचो, तो सांगायचा. मला तो आवडायला लागला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचा राग खोटा वाटेल. चर्चचं घड्याळ कायम सात मिनिटं मागे असायचं. तळं गोठलं की पोरं त्यावरून घसरायची. पावाच्या भट्टीवरची बाई करपलेल्या कडा पोरांना फुकट वाटायची. एकदा लोहाराच्या भट्टीसमोर त्यानं आपली ओली पँट वाळवली होती, ते सांगताना तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. माणूस आपल्या गावाबद्दल बोलायला लागला की त्याचा रंग दिसत नाही. मला तरी तेव्हा दिसत नव्हता.

मग तो सांगायचा, आजोबांच्या काळी जमीनदाराचा घोडा आला की रस्त्यावरच्या मजुरांनी टोपी काढून उभं राहायचं. चर्चमध्ये जमीनदार पुढच्या बाकावर, मजूर अगदी मागे. प्रार्थना संपली की बाहेर पडायचं तेही सगळ्यांच्या शेवटी. हेही तो हसतच सांगायचा, जुनी गंमत म्हणून. मला मात्र हसू आलं नाही. माझा आजा चावडीसमोरून जाताना वहाणा काढून हातात धरायचा. मी मान खाली घालून चर्चची कौलं चिकटवत राहिलो.

त्यानं मला जुन्या नकाशाची झेरॉक्स दिली होती. प्रत्येक घरावर नाव. चर्च, शाळा, भट्टी, जमीनदाराचं घर, गिरणीवाल्याचं घर. गिरणीवाल्याच्या घराभोवती त्यानं लाल पेनानं गोल केला होता. "इथे माझा जन्म झाला." पुस्तकातही तसंच छापलं होतं.

नकाशाच्या खालच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, एका रांगेत सहा काळे चौकोन होते. त्यांना नाव नव्हतं. दुसरा कुणी कारागीर असता तर त्यानं विचारलं असतं, हे काय आहे? मला विचारावंसंही वाटलं नाही. गाव म्हटलं की गावाबाहेर वस्ती असणारच, त्यात काय विचारायचं? सहा घरं केली. बुटकी, एका भिंतीला दुसरी टेकलेली, एकेकच खिडकी.

आणि मग मी एक गोष्ट केली, जी नकाशात नव्हती. गावाच्या चौकात पाण्याचा पंप होता, त्याचं नाव नकाशात होतं. पण ओढ्यापलीकडच्यांना त्या पंपावर कोण येऊ देणार? पाणी तर त्यांनाही लागतं. म्हणून शेवटच्या घराजवळ मी एक विहीर केली. शर्टाच्या बटणाएवढी. कडेला दगड रंगवले. इंग्लंडात असं असतं की नाही, मला काय ठाऊक? मी आमच्या गावाकडे बघून केलं. चूक म्हणायची तर ही माझी चूक.

काम पूर्ण झालं त्या दिवशी म्हातारा भिंग घेऊन आला. चर्च बघितलं, डोळे पुसले. माझ्या पाठीवर थाप मारली. मग टेबलाला वळसा घालून ओढ्याच्या बाजूला गेला आणि तिथेच थांबला. भिंग खाली गेलं. त्याचं बोट त्या विहिरीवर आलं.

"विहिरीचं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही, सर."

"खोटं बोलू नकोस! माझी आई त्या विहिरीवरून पाणी..."

वाक्य तिथेच तुटलं. पण वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं. गिरणीवाल्याच्या मुलाची आई ओढ्यापलीकडे पाणी भरायला कशाला जाईल? हा ओढ्यापलीकडचाच, हे आमच्या डोक्यात आलं आणि ते त्याला आमच्या तोंडावर दिसलं. आणि तेव्हाच त्यानं टेबलावरची पट्टी उचलली.

पहिला फटका कानावर. दुसरा हातावर, बोटांच्या सांध्यांवर. तिसऱ्याला मी त्याचं मनगट धरलं. त्यात काही जोर नव्हता. माझ्या दुसऱ्या हातात कटर होता. खोटं सांगणार नाही, क्षणभर मला त्याचा गळा दिसला. सैल कातडी, त्याखाली उडणारी शीर. अकरा वर्षांत ह्या हातानं एकही काप चुकवलेला नाही. मी कटर टेबलावर ठेवला आणि म्हाताऱ्याचं मनगट सोडलं.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब धावत आले. पुण्याचे. अकरा वर्षं माझ्याशी हिंदीत बोलायचे. त्या दिवशी त्यांना मराठी आठवली. त्यांनी मागून माझी मान पकडली आणि डोकं खाली दाबलं, पार टेबलापर्यंत. माझं नाक सहाव्या घराच्या छपराला टेकलं. कानातलं रक्त ओढ्याच्या निळ्या रंगावर टपटपलं.

"मोड हे. आत्ता, सरांसमोर. तुझ्या हातानं मोड." मग कानाशी तोंड आणून, हळू आवाजात, "तुम्हा लोकांना जाल तिथे तेच दिसतं. इथेही आणलीत का तुमची घाण?"

हात मोकळे होते माझे. फोमबोर्डची घरं. मूठ मारली की संपलं. सॉरी म्हटलं की संपलं. नोकरी राहिली असती, व्हिसा राहिला असता. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचं शिक्षण ह्याच नोकरीवर चाललंय. हे सगळं टेबलावर दाबलेल्या त्या डोक्यात येऊन गेलं. आणि त्याच्या मागोमाग चौथीचा वर्ग आला.

गुरुजींनी गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. मी देऊळ काढलं, चावडी काढली, शाळा काढली, आणि ओढ्यापलीकडे आमची अकरा घरं काढली. आमच्या घराला दार काढलं, दारात शेळी. गुरुजींनी वही बघितली आणि छडी उभी करून माझ्या बोटांच्या सांध्यांवर मारली. चार वेळा. "गाव काढायला सांगितलं होतं. हे गावात येत नाही. खोड." माझ्याकडे रबर नव्हतं. शेजारच्या मुलानं लांबून माझ्याकडे फेकलं, हाताला हात लागू नये म्हणून. मी अकराही घरं खोडली. शेळीसुद्धा. कागद फाटला, सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी बापानं वही बघितली. त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं.

"आपलं घर कुठं हाय ह्यात?"

"गुरुजींनी खोडाय लावलं."

"खोडलं कुनी?"

"म्या."

बापानं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. मी चुलीजवळ जाऊन पडलो. "मास्तर मारतोय तर मारू दे. त्यो खोडतोय तर खोडू दे. तू का खोडलंस?" त्याचाच आवाज फुटला होता. गुरुजींची छडी मी विसरलो. ती थोबाडीत विसरलो नाही, पण तिचा अर्थ मला कळला तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, बहारीनमध्ये, फोमबोर्डच्या छपरावर नाक दाबलेलं असताना.

मी टेबलाला दोन्ही हात टेकले आणि मान वर केली. साहेबांचा हात मानेवर होता, तरी केली. पाठीतून कळ गेली.

"नाही मोडणार."

"व्हिसा कॅन्सल करीन."

"करा."

"एका फोनचं काम आहे, कळतंय का?"

"फोन करा, साहेब. मी मोडणार नाही."

मग म्हाताऱ्यानंच ती घरं मोडली. मुठीनं, एकामागून एक. फोमबोर्डचे तुकडे उडाले, त्याच्या मुठीत छपराची काडी घुसली, रक्त आलं. सहाव्या घराशी तो थांबला. त्याच्या घशातून कसलातरी आवाज निघाला. मग तेही मोडलं. तो रडत होता. मला त्याची कीव येईल असं वाटलं, पण आली नाही. ज्या विहिरीवर ह्याच्या आईची कंबर मोडली, ती बघून ह्यानं मालकासारखी पट्टी उचलली, आणि तीही माझ्यावर. आईची बाजू घ्यायची संधी त्याला माझ्या टेबलावर आयती मिळाली होती.

कानाला सात टाके पडले. त्या कानानं आता कमी ऐकू येतं. दवाखान्यातून मी सरळ पोलीस स्टेशनला गेलो आणि तक्रार दिली. हिंदी समजणारा एक हवालदार होता. त्यानं दोनदा विचारलं, नक्की लिहायचं का? मी म्हटलं, लिहा. दोघांची नावं लिहा.

शफीकभाई आमचा पेंटर, बांगलादेशचा, माझ्याच खोलीत राहतो. त्यानं सगळं बघितलं होतं. तो म्हणाला, "भाई, खलास करो. मैं गवाही नहीं दे सकता, घर में पाँच लोग हैं." मी त्याच्यावर रागावलो नाही. प्रदर्शन ठरल्या दिवशी झालं. ओढ्यापलीकडे, घरांच्या जागी, हिरवं गवत चिकटवलंय. शफीकभाईलाच चिकटवायला लावलं. हे सांगताना त्याची मान खाली होती. मग त्यानं खिशातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. विहीर. केर काढताना सापडली म्हणाला.

काल मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा "बस" म्हणाले. चहा मागवला. "हे बघ, परदेशात आपण मराठी माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं." आणि एक कागद पुढे सरकवला. इंग्रजीत टाइप केलेला. माझा पाय घसरला आणि मी टेबलाच्या कडेवर पडलो. मला कुणीही मारलेलं नाही. मॉडेल चुकीचं केल्याबद्दल मी माफी मागतो. खाली माझं नाव आणि नावावर सहीसाठी रेघ.

"गुरुवारपर्यंत सही कर. नाहीतर तिकीट काढतो."

चहा मी घेतला नाही. कागद तेवढा घेतला.

मुलीला फोन केला, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही सही केलीत?" मी म्हटलं, नाही.

उद्या गुरुवार. सकाळी मी केबिनमध्ये जाईन आणि कागद होता तसा, सहीची रेघ कोरी ठेवून, साहेबांच्या टेबलावर ठेवीन. त्यावर ती विहीर ठेवीन. तिकीट काढायचं तर काढू देत. गवत चिकटवायचं तर चिकटवू देत. नकाशातून आम्हाला खोडायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हातानं खोडावं. माझा हात आता मिळणार नाही.